काटा दहाच्या खाली मोजत नाही

पाचगावच्या खाणीत दुपारी दोनला सुरुंग उडतो.
आधी शिट्टी, मग लाल फडकं, मग
जमिनीखाली कुणी कपाट सरकवावं तसा आवाज,
आणि काट्याच्या खोलीत माझा चहा
कपातल्या कपात शहारतो.

पुढचं सगळं मला कानानंच कळतं:
टिप्पर रिकामा झाला,
जबडा काळा दगड चावतोय,
काहीतरी अडकलं, झनकलाल शिव्या देतोय,
चाळणीवरून वीस एमएम, दहा एमएम, चुरी
आपापल्या पट्ट्याला लागली.
शेवटच्या यंत्रात दगडावर दगड आपटून
रेती होते.
पट्टा थांबला तरच मी दचकतो.

माझा बाप ढिवर. कन्हानच्या पात्रात
छातीएवढ्या पाण्यात बुडी मारून
टोपल्यानं डोंगा भरायचा.
आता घाट बंद. कधी लिलाव झालाच
तर पोकलेन उतरतं, माणूस नाही.

परवा तो न सांगता आला, उमरेडच्या एसटीनं.
धुतलेल्या रेतीच्या ढिगाशी उकिडवा बसला,
ओंजळ भरली
आणि बोटांनी चिवडत राहिला.
काय शोधतोय ते मला ठाऊक होतं:
कनवटीला बांधून आणायचा माझ्यासाठी
ते शिंपले.

"हिले वासच नाही रे."
मग चिमूटभर अंगठ्यावर घासली.
"टोचते. पन सिमिट धरन बरं.
नदीची लय गुळगुळीत,
कोनालेच धरून नाही राहे."

पोरासारखा काट्यावर चढला.
"माहं वजन पाय."
साठ टनी काटा. पडद्यावर
पन्नास, साठ, पन्नास.
दहाच्या खालचं त्याला दिसत नाही,
तो ठरवू शकेना.
बाप उतरला, मूठभर रेती
दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारून बांधली,
पुन्हा चढला.
पन्नास, साठ, पन्नास.
"म्हंजे नेली तं चालते," म्हणाला.

मागे सात टिप्पर. पहिल्यानं हॉर्नवर हातच ठेवला.
रॉयल्टीचं पुस्तक उघडं होतं.
मी पुढच्या गाडीचा नंबर लिहिला.

खिडकीतून दिसत होता, फाट्याकडे जाताना.
खांद्यावर दुपट्टा,
गाठ अजून ओली,
पाठीवरून पाणी उतरत होतं.