कॅनी

शब्दकोशात तो दीड ओळीत आटोपतो:
हुशार, व्यवहारी, पैशाला जपणारा.
तेवढ्या भांडवलावर मी नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर
नर्सची नोकरी धरली,
आणि पहिल्याच मंगळवारी
पायाच्या जखमेला पट्टी बांधताना
विनिफ्रेड आर्चबोल्ड म्हणाली,
'कॅनी पोर आहेस गं तू.'

मला वाटलं, चिकट म्हणाली.
पट्टी मी खरंच हात राखून कापली होती.

मग तो जिथे तिथे भेटायला लागला.
बेकरीतला पाव कॅनी, म्हणजे झकास.
बसस्टॉपवर आपण कॅनी वेळ उभे, म्हणजे बराच.
कुणाचं बाळ कॅनी, म्हणजे गोड,
कुणाचा मेव्हणा कॅनी,
आणि हे सांगताना सांगणाऱ्याचा हात
आपोआप स्वतःच्या खिशावर.

मी मराठीत शोधत बसले.
चतुर म्हटलं की दरबार भरतो.
बेरकी म्हटलं की कुणीतरी डोळा मारतं.
व्यवहारी म्हटलं की माणूस गार पडतो.
धोरणी जवळचा,
पण धोरणी माणसाच्या मांडीवर मूल झोपत नाही.

विनिफ्रेडला विचारलं, नेमका अर्थ काय.
ती अर्थ सांगणाऱ्यातली नव्हे.
म्हणाली, दुर्बीण घे.

खडकांपलीकडे तिचा भाऊ कथबर्ट
लॉबस्टरचे पिंजरे उपसत होता.
एक हातात धरून वाकला, काहीतरी केलं,
आणि दिली पाण्यात सोडून.
'मादी असणार, पोटाखाली अंडी,'
विनिफ्रेड खिडकीकडे न बघताच बोलली.
'शेपटीला खाच पाडली त्याने.
ती भरून येईस्तोवर तिला कुणी विकायचं नाही.'
'दया आली?'
'दया कसली! पुढल्या सालचं डिझेल आहे ते.'

एकदा लीड्सचा एक माणूस घर बघायला आला,
सुट्टीत राहायला हवं होतं त्याला.
ती बोलली नाही, चहा ओतत राहिली.
कपागणिक त्याचा आकडा चढत गेला.
तिसऱ्या कपाला ती म्हणाली,
बिस्किटं संपली.
तो गेल्यावर मला सांगितलं,
'विकायचं कुणाला होतं?
विमावाला आला की बोलायला आकडा हवा होता.'

आणि तिच्याकडूनच कळलं,
पूर्वी इकडे सुईणीलाही कॅनी बाई म्हणत.
जी ओढत नाही,
जी थांबते,
आणि थांबणं कधी थांबवायचं ते जिच्या बोटांना कळतं.

मार्चमध्ये जखम काळी पडली.
'पाय राहील?' तिने विचारलं.
मी डॉक्टरांचं नाव पुढे करणार होते.
तिने माझ्याकडे
त्या लीड्सच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं,
चहासुद्धा न ओतता.
मी म्हणाले, लवकर केलं तर गुडघा वाचेल.
'गुडघा असला की जिना चढता येतो?'
'सरावाने.'
'मग उद्याच.'
आणि कथबर्टला हाक मारून सांगितलं,
डाव्या पायाचे नवे मोजे उसवून ठेव,
लोकर चांगली आहे.

सकाळी अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारात
स्ट्रेचरवरून तिने माझं मनगट धरलं.
'गॅन कॅनी, पेट.'
जपून जा.
चालली होती ती, मी तर उंबऱ्यावर उभी.

मला काही सुचेना, म्हणून म्हणाले,
आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत,
येते म्हणतात.

ती विचारात पडली,
घासाघीस करताना पडायची तशी.
'कॅनी आहे की,' म्हणाली.

हुशार, गोड, की पैशाला जपणारं,
ते विचारायच्या आत
दार लागलं.