नदीचं मूळ

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
तुर्सुनोय विचारते.

तिच्या जर्दाळूंना पाणी येतं ते वरून,
काटेरी तारेपलीकडच्या देशातून.
तिथे डोंगराच्या कुशीत
युरेनियमचा गाळ पुरलेला,
वर हातभर माती, आणि चरणाऱ्या गाई.
दरड कोसळली की नदी गढुळते.
मग ताश्कंदहून साहेब येतो,
यंत्र टिकटिकतं, वहीत आकडा लिहितो
आणि चहा न पिताच उठतो.

अर्जात एक रकाना आहे: प्रतिवादीचा पत्ता.
खाण चालू होती तेव्हा त्या गावाला नाव नव्हतं,
नुसता टपालपेटीचा नंबर.
ज्या देशाची ती पेटी, तो देशच उरला नाही.
वरचे म्हणतात, आमच्याही वाट्याला ढीगच आला.
खालचे म्हणतात, पुरावा आणा.

तुर्सुनोयनं बाटली भरली,
झाकणावर मेण ओतलं,
पेटीचा तो जुना नंबर लिहिला, सुवाच्य.

पोस्टातला पोरगा म्हणाला,
"ओपा, हे परत येईल."
"येईलच. वरून निघालेलं सगळं
आमच्याकडेच येतं."

त्यानं बाटली काट्यावर ठेवली.
आत काय आहे, तेही लिहावं लागतं, म्हणाला.

तिनं पेन मागून घेतलं.
लिहिलं: तुमचंच.