एक्केचाळीस अधिक

विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून
एका नियतकालिकाच्या वीस वर्षांतली शीर्षकं मोजतोय.
बाहेर मोर ओरडतोय, आत वीज गेलेली.
सुरुवातीला बेअरिंग, बल्ब, झडपा:
वस्तू किती काळ टिकते.
मग रुग्ण येऊ लागले.
आता जिकडेतिकडे मशीन लर्निंग.
मृत्यूला तिथं ‘घटना’ म्हणतात,
बल्ब गेला तरी घटनाच.

माझा निबंध मधल्या लाटेतला.
शिरोलीच्या फौंड्रीतले दोनशे बारा कामगार,
फुफ्फुसात साचलेली वाळू,
आणि पायरीपायरीनं उतरणारी एक रेषा,
जिला वर चढणं माहीत नाही.
सात जणांनी दाखला दिला. त्यात तीनदा मीच.

क्रमांक सत्त्याऐंशी, इरगोंडा मगदूम.
एक्केचाळिसाव्या महिन्यात खोली बदलली,
फोन लागेना.
मी लिहिलं: ४१+
म्हणजे तिथवर होता,
पुढचं आम्हाला ठाऊक नाही.

परवा रात्री गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
मिशीला फेस लावून हाच उभा.
“मास्तर, तुमच्या त्या पुस्तकात
मेलो म्हणून न्हाई न्हवं घातलंसा?”
“नाही. अधिक म्हणून.”
“मग बरं हाय,” म्हणाला,
आणि खोकत राहिला,
इतका वेळ, की गवळ्यानं धार थांबवली.
पैसे मात्र मला देऊ दिले नाहीत.

निबंध छापून झालाय,
दुरुस्ती कुणी मागितलेली नाही.
तरी घरी येऊन फाईल उघडली,
एक्केचाळीस खोडून एकशे तीन केले.
पुढचं चिन्ह
तसंच ठेवलं.