फणी

ओगलेसाहेबांनी चहा बशीत ओतला
आणि म्हणाले, नाना,
तुमच्या धंद्याचा मूळपुरुष ठाऊक आहे का?
ग्रीसचा. डेडॅलस नावाचा.

नाव काही जिभेला वळेना.
माणूस मात्र ओळखीचा वाटला:
राजासाठी चकवा बांधून दिलेला,
आणि त्याच चकव्यात राजानं कोंडलेला.
बिल मागितलं असेल, मी म्हटलं.

मग पोराला आणि स्वतःला पंख केले म्हणे,
पिसं दोऱ्यात ओवून, बुडाशी मेण.
मेण?
हडपसरला, एप्रिलात, या पत्र्याखाली ठेवून बघा मेण.
आम्ही सरस लावतो, रात्रभर शिकंज्यात धरतो,
कापड ताणून डोपचे पाच हात देतो,
तेव्हा कुठे ग्लायडरात कुणी पाय टाकतं.

पोरगं उंच गेलं, पडलं.
तेवढं सगळ्यांनाच माहीत असतं, साहेब म्हणाले.

माझं पोरगं पडलेलं नाही.
ते ऑकलंडला आहे, रविवारी फोन करतं,
तिथल्या बटाट्यांचा भाव सांगतं.

बशी खाली ठेवता ठेवता, सहज,
साहेबांनी उरलेली गोष्ट सांगितली.
त्याच्याही आधी त्याच्या हाताखाली एक मुलगा होता.
बहिणीचा.
माशाचा काटा बघून त्यानं करवत केली.
मामानं कड्यावरून ढकललं.

बाहेर विंच घरघरत होता.
मी कप विसळायला उठलो.

भालू सासवडहून आला तेव्हा तेरा वर्षांचा,
दिवेघाटात एसटीत ओकलेला,
हातात बहिणीनं दिलेली अंजिरं, अर्धी चेपलेली.
रंधा मी शिकवला. पटाशीची धार मी शिकवली.
पंखाच्या फासळ्या मात्र एका अंतरात बसवायच्या
म्हणजे माझं जन्मभर दोरी, खिळा आणि अंदाज.
एका दुपारी त्यानं मामीची फणी मागून नेली,
उजेडात धरून उलटी-पालटी केली,
आणि सागाच्या फळीला दात पाडून आणले.
फासळी दातात बसली. दुसरी. अकरावी.
सुताचाही फरक नाही.

दिल्लीहून तपासणीला आलेले साहेब
वाकून बघत राहिले.
हे कुणी केलं?
भालू माझ्या मागे डोप ढवळत होता.
मी म्हटलं, मी.
मागे ढवळायचा आवाज थांबला,
मग पुन्हा सुरू झाला.

कडा कुठला आलाय इथे.
हा माळ सपाट, पडायचं म्हटलं तरी जागा नाही.
महिन्याभरानं एक पटाशी हरवली
(ती पुढं सापडली, भुशात)
आणि मी त्याला म्हटलं, उद्यापासून नको येऊस.
त्यानं हत्यारं पुसून ठेवली.
माझी.

इचलकरंजीहून एक कार्ड आलं. नंतर तेही नाही.
बहीण भाऊबीजेला येते, ओवाळते,
त्याचं नाव काढत नाही.
मी ताटात जरा जास्तच ठेवतो.

साहेब म्हणाले, तिकडच्या देवीला दया आली,
तिनं पोराला वरच्यावर झेललं,
तितर केलं त्याचं.
म्हणून तितर झाडावर घरटं करत नाही,
उंच जात नाही.
लक्षात आहे त्याच्या.

संध्याकाळी शेडला कुलूप लावून निघतो
तेव्हा कानिफनाथाचा डोंगर निळा होत आलेला असतो.
धावपट्टीच्या कडेच्या गवतातून ते ओरडतं,
पलीकडून दुसरं उत्तर देतं.
पाऊल जवळ पडलं की फडफडत उठतं,
कमरेएवढं उडून पुन्हा गवतात.
इतकी वर्षं वाटायचं, भित्रं आहे.

फळी अजून भिंतीला टांगलेली आहे.
प्रत्येक पंख तिच्यातून गेलाय.
दोन दात झिजलेत आता, बदलायला हवेत.
तीनदा बसलो करवत घेऊन.
माझ्या हातानं ते तसे पडत नाहीत.