डागी खडा

एकतीस वर्षं दगड घासला मी, जळगावच्या कॉलेजात.
काचेवर कार्बोरंडमची भुकटी, पाणी,
आणि बोटांचे गोल गोल फेरे,
दगड इतका पातळ होईपर्यंत
की त्याच्याखालचं वर्तमानपत्र वाचता यावं.
बायको म्हणायची, लोक दगड फोडून पोट भरतात,
तुम्ही पुसून.

आपल्याकडचा काळा पाषाण मला तोंडपाठ.
सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत
एकच सांगणं त्याचं:
वितळलो, वर आलो, पसरलो, निजलो.
त्याआधीचं विचारा, तर गप्प.
वितळलेल्याला मागचं आठवत नसतं.

मग फेगडे मॅडमनी पन्न्याहून
रुमालात बांधून एक ढेकूळ आणलं.
निळसर, भुसभुशीत, रूपानं बेताचंच.
उखर्डूभाऊ, हलक्या हातानं. किंबरलाइट आहे.
घासत गेलो तसा दगड कसला,
भरलेली एस. टी. निघाली ती.
ऑलिव्हिन, कडेनं कुजून हिरवं पडलेलं.
जांभळं गार्नेट, भोवती काळपट साय,
वर येतानाच्या धकाधकीत धरलेली.
कुणाचाच जन्म त्या दगडातला नाही.
सगळे वाटेत चढलेले, आणि न वितळलेले.

मॅडम सांगायच्या:
गार्नेटात क्रोम किती,
शेजारच्या खनिजात अ‍ॅल्युमिनियम किती,
यावरून काढता येतो गाव.
दीडशे किलोमीटर खाली. अकराशे अंश.
मे महिना होता, बाहेर सेहेचाळीस.
शिपाई जगन म्हणाला, मग आपल्यात न् त्यांच्यात
फरक तो काय राहिला?

आणि वर यायला लागले म्हणे काही तास,
फार तर दोन-तीन दिवस.
वाटेत कुठं टेकला असता
तर हिऱ्याचं पेन्सिलीतलं शिसं झालं असतं.

सराफ बाजारात सांखला शेठकडे मीच गेलो
डागी खडे मागायला.
शेठ हसले. गिऱ्हाईक डाग काढायला भिंग लावतं,
तुम्ही डागासाठी लावता?
गल्ल्याखालच्या डब्यातून एक पुडी दिली.
डब्यावर खडूनं लिहिलं होतं: टाकाऊ.

त्यातल्या एका खड्यात
खसखशीच्या दाण्याहून लहान एक ठिपका.
तो परदेशी गेला, आठ महिन्यांनी पत्र आलं.
मॅडमनी दोनदा वाचलं, मग मला समजावलं.
ठिपका पाचशे किलोमीटरच्याही खालचा.
त्यात पाणी आहे.
थेंब नव्हे, ओल नव्हे,
दगडाच्या हाडात मुरलेलं.

आमच्या धरणगावच्या विहिरीला
बारा पुरुषांवर पाणी लागतं.
मी हिशेब केला. हे तीन लाख पुरुषांवर.
एवढ्या लांब दोर कोण वळणार?

पण मला लागलं ते दुसरंच.
हिऱ्यानं तो ठिपका अजून तसाच दाबून धरलाय.
वरचं सगळं ओझं कधीच उतरलं,
मूठ मात्र सुटली नाही.
सुटली तर ठिपका सैल पडेल,
दुसरंच काहीतरी होऊन बसेल,
आणि खालचं कुणी सांगायला उरणार नाही.

माझ्याआधीची तीन गेली.
मी झालो तेव्हा मायनं मला
उकिरड्यावर लोळवून घरात घेतलं
आणि नाव ठेवलं उखर्डू.
शाळेत पोरं हसायची, रडत घरी यायचो.
ती भाकरी थापत म्हणायची,
ऱ्हाऊ दे. कोनी देखाव नही तुले.
मरणानंही नाही देखलं.
टाकाऊच्या डब्याजवळून पुढं गेलं ते.

नमुन्यांच्या रजिस्टरात ‘तयार करणार’चा रकाना असतो.
इतकी वर्षं तिथं नुसतं उ. ना. लिहीत आलो.
त्या दिवशी पूर्ण लिहिलं,
उखर्डू नारायण सोनवणे.
कूलरचं पाणी उडत होतं,
‘र्डू’वर शाई जरा फुटली.