वाजवी

सीपीआरसमोरच्या बोळात माझं टायपिंगचं टेबल.
पानाला वीस रुपये, तातडीचं असेल तर तीस.
कलम एकोणीस मला तोंडपाठ,
जशी आईला भावकीतली नावं:
बोलणं, जमणं, संघटना, फिरणं, राहणं, धंदा.
आणि मागनं येणारं शेपूट,
वाजवी निर्बंधांस अधीन राहून.

वाजवी हा शब्द मी पापाच्या तिकटीला शिकले, लहानपणी.
गिऱ्हाईक म्हणायचं, वाजवी सांगा.
दुकानदार म्हणायचा, वाजवीच सांगितलंय.
मग अर्धा तास दोघंही खरी.

यल्लाप्पा सातपुते, वय एकेचाळीस, धंदा चप्पल,
राहणार सुभाषनगर.
गटारीच्या पाण्यावरनं दोनदा रस्त्यात बसला,
एकदा साहेबाला म्हणाला, तुमच्या घरात सोडू काय?
दोन वर्षं तडीपार.
कोल्हापूर, सांगली, सातारा.
सातारा कशाला, ते आदेशात नव्हतं.
सातारा त्यानं फक्त पेढ्याच्या खोक्यावर वाचलेला.

तो निपाणीला बहिणीकडं गेला.
कोगनोळी नाक्याच्या पलीकडं माणूस,
अलीकडं गुन्हा.

याचिका मी टाइप केली. तातडीची,
पण वीसच घेतले.
मग तारखा.
त्याची बायको शेवंता प्रत्येक तारखेला यायची, विचारायची,
आज अर्थ लावतील काय?
वकील म्हणाले होते, कोर्ट कलमाचा अर्थ लावतं.
तिला वाटायचं, लावायचं म्हणजे रोपासारखं,
खड्डा काढून, पाणी घालून,
आणि मग शेळी खाऊ नये म्हणून बसायचं राखत.
मी तिला दुरुस्त केलं नाही.

एका तारखेला पुकारा होईना, तेव्हा
रद्दी कागदावर तिनं माझा पाय ठेवून घेतला,
भोवतीनं पेन्सिल फिरवली.
रेघेच्या बाहेरनं कापायचं, बाई.
आतनं कापलं की चामडं वाचतंय,
पण पायाला चावतंय.
हे मला याचिकेत कुठं घालावं कळेना.
परिच्छेद क्रमांक काय देणार?

निकाल लागला तेव्हा एकविसावा महिना संपत होता.
इंग्रजीत चौदा पानं.
तीन जिल्हे का, कारण दिसत नाही.
दोन वर्षं का, कारण दिसत नाही.
निर्बंध वाजवी नाहीत. आदेश रद्द.
मी तिला मराठीत सांगितलं, दोन मिनिटांत.
तिनं बोटं मोजली.
म्हणजे तीन महिने सूट?

परवा दुसऱ्या एका तडीपाराचे कागद आले,
पन्हाळ्याकडचं पोरगं, आई सोबत.
वकील म्हणाले, आधार घाला:
यल्लाप्पा सातपुते विरुद्ध महाराष्ट्र राज्य.
मी टाइप केलं.
आई म्हणाली, हे सातपुते कोण? सुटले काय?
काय सांगू.

टेबलाखाली माझ्या पायात त्यानंच शिवलेला जोड.
पेन्सिलीच्या रेघेवरनं, बाहेरनं कापलेला.
नवा आहे, अंगठ्याला अजून थोडा चावतो.
चालताना वाजतो मात्र.