भराव

राजा येणार म्हणून आम्हाला वेठीला धरलं.
त्या वर्षी अंजिरं लवकर पिकली होती
आणि तोडायला गावात कुणी नव्हतं.

आधी दगड वेचायचे.
यहूदाच्या डोंगरात नांगराला आधी दगड लागतो, मग माती,
तरी इतके दगड आम्हीही पाहिले नव्हते.
मग दोन्ही अंगांना ताली रचायच्या,
मधे ओढ्यातली रेव, वर चुनखडीचा चुरा,
आणि धुम्मस.
दिवसभर धुम्मस.
रात्री झोपेतही छातीवर कुणीतरी ते आपटत असायचं.

मुकादम अदोनीकाम दोरी धरून पुढे चालायचा.
"ओढा फुगला तरी राजाच्या चाकाला पाणी लागता कामा नये.
शेतापासून तीन हात उंच!"
तीन हात.
माझ्या घराचं छत चार हातांवर होतं.

हेलाचे दिवस भरत आले होते, तरी ती पाट्या वाहत होती.
तिसऱ्या एला झाडाशी तिला कळा सुरू झाल्या.
चुन्याने पांढऱ्या झालेल्या पोरींनी पदरांचा आडोसा धरला.
मुलगा होता.
रडला नाही.

अदोनीकामने तोंड फिरवलं, दोरी गुंडाळली,
म्हणाला, उजाडायच्या आत ये.
वाईट नव्हता तो.
त्यालाही रोज चाळीस हात मोजून द्यावे लागत.

गावची पुरायची गुहा दीड दिवसावर.
आसपास सगळा कातळ.
मऊ जमीन एकच होती,
आम्हीच आणून टाकलेली.

मी हातांनी रेव उपसली.
हेलाने तिची ओढणी दिली, मग परत मागितली,
वास घेतला, मग पुन्हा दिली.

सकाळी त्या जागेवर धुम्मस माझ्याच हातात आलं.
शामीरने काही न विचारता ते काढून घेतलं
आणि तेवढे चार हात
नुसतं टेकवत, टेकवत गेला.

आमच्याकडे कबरीवर पाय पडला की सात दिवस विटाळ.
त्यावरून कोण कोण गेलं सांगू?
राजा गेला, पडदा ओढून, आतून शिंकत.
याजक गेले, धुतल्या वस्त्रांनी, यरुशलेमेला.
मिठाचे व्यापारी, नवऱ्या मुली, कुष्ठरोगी.
मग उत्तरेचं सैन्य आलं, तीन-तीन रथ एका ओळीत,
रुंदी आम्हीच ठेवली होती तेवढी.
परतताना त्यांच्यामागे आमची माणसं, गळ्यात दोर,
त्यांत अदोनीकाम,
अजून पावलं मोजत असल्यासारखा खाली बघत.

सगळे विटाळलेले.
माझ्या पोराने अर्धं जग विटाळलं
आणि एकानेही अंघोळ केली नाही.

कधी वाटतं, सांगून टाकावं कुणा याजकाला.
पण मग ते उकरतील.

राजांची थडगी कातळात कोरतात, आठ-दहा पावलांची.
याचं इथून हेब्रोनपर्यंत.
हे मी हेलाला एकदाच बोललो.
ती म्हणाली,
त्याला काय करायचीय लांबी,
वीतभर तर होता.

आता वेठ नाही, राजाही नाही.
ताली ढासळल्यात, बकऱ्या त्यांवर चढून काटे खातात.
पावसाळा संपला की मी एक पाटी रेव घेऊन तिथे जातो.
ठाण्यावरचा परका पोरगा शिपाई हसतो,
म्हातारा अजून मेलेल्या राजाची चाकरी करतोय.
रेव पसरायला मात्र कधी कधी खाली उतरतो.

हेलाला दिसत नाही आता.
तिला गाढवावर बसवून मी बाजाराला नेतो.
खूर खडखडत येतात,
आणि एला झाडाशी चार पावलं त्यांचा आवाज बसतो.

तेवढ्यात ती दोन्ही पाय
वर ओढून घेते.